घरात डेंटिस्ट आहे आणि माझ्या दाढेला कोणी वाली नाही

सकाळी दहाला बुकिंग उघडणार होतं. साडेनऊपासून दोन लॅपटॉप, दोन फोन आणि कार्डाचा नंबर लिहिलेला कागद घेऊन आम्ही बसलो होतो. दहा वाजले, पान नुसतं फिरत राहिलं आणि दहा वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं, सर्व जागा भरल्या. ओआरई म्हणजे परदेशात शिकलेल्या डेंटिस्टना ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा. तिच्या पार्ट वनसाठी हा बायकोचा तिसरा प्रयत्न. परीक्षेचा नाही हो, सीटचा!

त्यात माझी खालची डावी दाढ रात्रभर ठणकत होती. बायकोने मोबाईलचा टॉर्च मारला, चमच्याच्या दांड्याने दाढेवर हलकेच टकटक केलं, मी कळवळलो. "कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलीये. रूट कॅनल लागणार, आजच दाखव." कोणाला दाखवू? सात क्लिनिकना फोन लावले. सातही ठिकाणी एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, नवे पेशंट घेत नाहीत. पैसे मोजून प्रायव्हेटला यायचं असेल तर पुढचा आठवडा. एका बाईंनी विचारलं, पेनकिलर घेतली का? काल रात्रीपासून दुसरं काय खातोय मी!

रूट कॅनल करणारी डॉक्टर माझ्यासमोर बसली आहे आणि तिने माझ्या दाढेवर उपचार केले तर या देशात तो गुन्हा आहे. पाच वर्षांचं बीडीएस, त्यावर चार वर्षांची प्रॅक्टिस. इथे ती डेंटल नर्स म्हणून सक्शन धरून उभी असते. दाताच्या मुळातला कॅनल डॉक्टरला सापडत नसला तर तो कुठे असेल हे तिला उभ्या जागी कळतं, पण बोलायचं नाही.

परीक्षा घेऊ नका असं कोण म्हणतंय? घ्या, कडक घ्या. पण बसू तरी द्या! युरोपातल्या मान्य पदवीवाल्यांना ही परीक्षाच नाही. आमच्यासाठी आधी लेखी, मग प्रॅक्टिकल, आणि त्या पार्ट टूची फी चार हजार पौंडांच्या वर. पार्ट वनला चारच संधी, आणि पार्ट वनच्या पहिल्या प्रयत्नापासून पाच वर्षांत पार्ट टूही उरका. आणि 2020 मध्ये कोविडमुळे हीच परीक्षा बंद पडली ती 2022 मध्ये सुरू झाली. त्या काळात अडकलेल्या पोरापोरींची वर्षं कोण भरून देणार?

डॉक्टर नाहीत म्हणून रडायचं, आणि असलेल्यांना दारात उभं ठेवायचं. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिस्टलला एका दवाखान्याने एनएचएसचे पेशंट घ्यायला सुरुवात केली तर रस्त्यावर शेकडोंची रांग लागली, पोलीस बोलवावे लागले. दातांसाठी पोलीस! त्याच महिन्यात सरकारने परदेशी डेंटिस्टना परीक्षेआधीच देखरेखीखाली काम करू देण्याचा प्रस्ताव आणला. बायकोने ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली होती. तेव्हापासून आम्ही वाट बघतोय. आणि एनएचएसचा डेंटिस्टांबरोबरचा 2006 चा तो करार! कितीतरी वर्षं एक फिलिंग करा नाहीतर सहा, डॉक्टरला मोबदला तेवढाच. मग एनएचएसचं काम कोण करेल?

आता रात्रीचे नऊ. गालात लवंग धरून बसलोय. बायको जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचा जबडा शिकंज्यात अडकवून सराव करतेय. पुढचं बुकिंग कधी उघडणार, काही कळवलेलं नाही.