गंगावेशच्या कट्ट्यावर: दया आधी की धर्म आधी?

कोल्हापूरच्या गंगावेशात संध्याकाळी म्हशी येतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात मिळतो. परवा तिथं सरांनी माकडांचा विषय काढला. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासकांनी कॅपुचिन माकडिणींना, खडा हातात आणून दिला की बदल्यात काकडी मिळते, असा व्यवहार शिकवला होता. 2003 चा हा प्रयोग. शेजारणीला तसल्याच खड्याला द्राक्ष मिळालेलं दिसलं, तशी काकडीवाली बिथरली. काकडी घेईना, कधी सरळ फेकून देई.

"बघा, न्याय पोथीतनं आलेला न्हाई."

"न्याय कसला सर, ही तर भावकी!" बापू म्हणाले. पंढरीची वारी कधी चुकवत नाहीत आणि वादही. "आपल्याला कमी मिळालं की कोण पण बोंबलतंय. द्राक्षवालीनं द्राक्ष टाकलं का?"

"तिनं न्हाई. पण पुढं 2010 च्या प्रयोगात शेजाऱ्याला नुसतं गाजर मिळतंय बघून काही चिंपांझींनी आपलं द्राक्ष नाकारलं."

मधेच दूधवाला म्हणाला, "रेडकाच्या वाटणीचं दूध पिताय आणि चर्चा न्यायाची!" त्याला कुणी दाद दिली नाही. द्यायला हवी होती.

मग सरांनी 1964 चा दाखला काढला. साखळी ओढली की ऱ्हीसस माकडाला खाणं मिळायचं, पण समोरच्या माकडाला विजेचा झटका बसायचा. एका माकडानं बारा दिवस साखळीला हातच लावला नाही. उपाशी राहिलं. (झटके देणाऱ्यांच्या दयेचं काय, हे मी मनातच ठेवलं.)

"ओळखीच्या माकडासाठी दया जास्त, असंच असणार," बापू. सरांना मान डोलवावी लागली. "नाथांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली. गाढव काय त्यांच्या भावकीतलं? हा पल्ला धर्माचा."

"धर्मानं तर पाणी रामेश्वराला न्यायला सांगितलंवतं!"

"नेम मोडला. धर्म न्हाई मोडला."

त्या संध्याकाळचं हे सगळ्यात तिखट उत्तर, पण माझ्या मते ते सरांच्याच पदरात पडतं. कुठला नेम कधी मोडायचा हे जर दया ठरवणार असेल, तर ती नेमाच्या आधीच कुठंतरी बसलेली असणार.

पैलवान एवढा वेळ गप्प होता. "आफ्रिकेत टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात एका टोळीचे दोन भाग झाले आणि 1974 पासनं चिंपांझींनी आपलेच जुने सोबती एकेक करून मारले म्हणं. तिथं कुठली पोथी होती?"

"म्हणून तर धर्म पायजे," बापू.

"आणि धर्म असून मारतात त्यांचं?" सर उसळले, आणि दोघं पुन्हा नाथांच्या गाढवावर आले.