अंगावर काटा

गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटा असतो, हे मला गाडी घेतल्यावर चार वर्षांनी कळलं. तोवर तो मधोमध निमूट उभा होता, आणि निमूट काम करणाऱ्याकडे आपण बघतो कधी? एकदा सिग्नलला थांबलो असताना तो हलला. आधी जरासा, मग चांगला बोटभर. लाल पट्टीला टेकणार एवढ्यात सिग्नल सुटला, गाडी पळायला लागली आणि काटा शहाण्यासारखा खाली आला. भास असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या सिग्नलला तोच भास पुन्हा झाला.

त्या दिवसापासून मला समोरचा रस्ता दिसेना, काटाच दिसायला लागला.

गाडी तापते, हे वाक्य चारचौघांत बोलू नये. मी बोललो. एका मित्राने ताबडतोब निदान केलं, "हेड गॅस्केट गेलं." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं, गळती रोखणारं पॅकिंग. हे दोन शब्द लोक ज्या आवाजात उच्चारतात, तो आवाज एरवी फक्त आयसीयूच्या बाहेर ऐकू येतो. घरी येऊन मी लक्षणं तपासली. सायलेन्सरमधून पांढरा धूर? नाही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ? नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे? तेही नाहीत. मित्राला हे सांगितलं तर त्याचा चेहरा पडला.

शेजारच्या काकांचा उपाय आणखी सोपा होता. "थर्मोस्टॅट काढून टाक. माझ्या गाडीत कित्येक वर्षं नाहीये." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची छोटी झडप. तिच्या पोटात मेण असतं. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे निघतं. ती काढून टाकली की गार इंजिन तापायला फार वेळ घेतं आणि तोवर पेट्रोल जास्त पितं. काकांची गाडी ॲव्हरेज देत नाही, ही त्यांची तक्रार मी कित्येक वर्षं ऐकत होतो. दोन्हींचा संबंध त्यांना सांगण्याएवढं धैर्य माझ्यात नाही.

झडप अडकून बसली असेल तर मात्र इंजिन तापतं. म्हणून गार इंजिनातून ती काढली आणि पातेल्यात पाणी घालून गॅसवर चढवली. थर्मामीटर घरातला, तापाचा. तो 42 अंशांवर गेला आणि पुढे बोलेना. मग शंभरच्या वर जाणारा कुणाकडून तरी मागून आणला. झडपेच्या फटीत दोरा अडकवून तिला पाण्यात टांगायचं. झडप उघडली की दोरा सुटतो आणि ती तळाशी पडते. माझ्या झडपेवर 82 कोरलेलं होतं. मी पातेल्यावर वाकून बसलो. 78. 80. पितळी चकती केसभर उचलली गेल्यासारखी वाटली. 82 झाले, 83 झाले आणि टुप्‌! झडप तळाशी. मी आनंदाने ओरडलो, आणि मग लक्षात आलं की एकमेव संशयित निर्दोष सुटला होता.

"हे पातेलं आता पुन्हा ओट्यावर येणार नाही," बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं. इंजिनात फिरणाऱ्या पाण्यातलं, म्हणजे कूलंटमधलं, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटाला विष असतं. पातेलं गाडीच्या सामानात जमा झालं.

झडप परत बसवून कूलंट भरलं, निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. हे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, असं वाचून मला फार दिलासा मिळाला, कारण माझी सगळी अडचण दुसऱ्या टोकाला होती. त्या टोकालाही ते शंभराला उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणाने आत दाब धरून ठेवला की उकळबिंदू सव्वाशेच्या आसपास जातो. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नसतं: दाब सुटतो, आतलं सगळं एकदम उकळतं आणि थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. हे मला झाकणावर फडकं ठेवल्यानंतर आठवलं. बायकोला आधीच आठवलं होतं, त्यामुळे हा लेख लिहायला मी शाबूत आहे.

शेवटी गाडी मेकॅनिककडे न्यायचं ठरलं. वाटेत काटा चढला तर हीटर पूर्ण सोडायचा, असं वाचलं होतं. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर घेतो, म्हणजे आपल्या अंगावर सोडतो. भर दुपारी, बाहेर ऊन, आत हीटर, चारही काचा खाली. शेजारच्या गाडीतल्या माणसाने आमच्या लालबुंद चेहऱ्यांकडे पाहिलं आणि आपली काच हळूच वर केली. आमचं भांडण चाललंय असं वाटलं असावं त्याला. अजून सुरू झालं नव्हतं.

मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं.

"पळताना तापते का उभी असताना?"

"उभी असताना."

"मग पंखा."

पळत्या गाडीत वारा रेडिएटरमधून आपोआप जातो. उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो. त्याने एसी लावायला सांगितला, कारण एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. फिरला नाही. पंख्याच्या मोटरला त्याने थेट बॅटरी जोडली, ती भरकन फिरली. मग फ्यूजबॉक्सचं झाकण काढून काड्यापेटीहून लहान असे दोन काळे ठोकळे, म्हणजे वीज चालू-बंद करणारे स्विच, उपटले आणि त्यांच्या जागा बदलून बसवले. पंखा घोंघावायला लागला. मला पातेलं आठवलं.

"रिले गेला होता," तो म्हणाला. "दोन्ही एकाच जातीचे आहेत. दुसरा आत्ता नाहीये माझ्याकडे, उद्या या."

"आणि हा चांगला रिले कशाचा लावलात?"

तो हात पुसत होता. "हॉर्नचा."

परतीच्या वाटेवर काटा मधोमध, हीटर बंद, काचा वर. एक स्कूटरवाला फोनवर बोलत बरोबर रस्त्याच्या मध्यातून चालला होता. मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि जमेल तितक्या मोठ्याने ओरडलो, "पीं पीं!"