शिक्के अनेक, अर्थ वेगवेगळे

कोल्हापुरात एमबीएच्या प्रवेशाचा विषय निघाला की फी किती आणि प्लेसमेंट कुठे, या दोन प्रश्नांवरच चर्चा थांबते. इथे जर्मनीत पदवीच्या आधारावर नोकरीचा व्हिसा मागणाऱ्याची संस्था आधी 'अनाबिन' या सरकारी यादीत शोधली जाते आणि तिच्यापुढे 'एच प्लस' ही मान्यतेची खूण नसेल, तर बहुधा पदवीचे स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावे लागते. मान्यतेचा प्रश्न शेवटी येतोच. तो फी भरण्यापूर्वी विचारला जावा, एवढाच माझा आग्रह आहे.

आपल्याकडची माहितीपत्रके एआयसीटीई या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मंजुरी, विद्यापीठाची संलग्नता, नॅकची श्रेणी आणि एनबीएचे मानांकन एकाच ओळीत छापतात. वास्तविक मंजुरी ही अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी आहे. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, तर एनबीए विशिष्ट अभ्यासक्रमाचे. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ए++ श्रेणी मिळाली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ती श्रेणी विद्यापीठाची आहे, संलग्न महाविद्यालयाच्या एमबीएला ती आपोआप लागू होत नाही.

परदेशी नावांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने नुकतेच एका युरोपीय संस्थेचे पत्रक पाठवले. त्यावर व्यवस्थापन शिक्षणसंस्थांना मानांकन देणाऱ्या एएसीएसबीचे नाव ठळक होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'सदस्य' असे लिहिलेले होते. १९१६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या या संघटनेचे सदस्यत्व वर्गणी भरून घेता येते. मानांकनासाठी मात्र अनेक वर्षांचे परीक्षण लागते, आणि मानांकित संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एमबीए अभ्यासक्रमांना मानांकन देणारी लंडनची अँबा ही संस्था एमबीएला प्रवेश घेणाऱ्याकडे पदवीनंतरचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा अशी अट घालते, त्यामुळे बी.कॉम. होताच थेट प्रवेश देणारा एमबीए अँबा-मानांकित असल्याचा दावा तपासून पाहावा.

तरीही प्रत्येकाने एएसीएसबी, इक्विस (व्यवस्थापन संस्थांसाठीचे युरोपीय मानांकन) आणि अँबा या तिन्ही मानांकनांमागे धावावे, असे मला वाटत नाही. ज्या मुलाला शिरोलीतील घरची फाउंड्रीच सांभाळायची आहे, त्याच्यासाठी घर गहाण ठेवून परदेशी पदवी घेणे मला अनाठायी वाटते; एनबीए मानांकित स्थानिक एमबीए त्याला पुरेसा आहे. मात्र तिथेही मानांकनाचे पत्र मागून घ्यावे, त्यावर नेमक्या कोणत्या अभ्यासक्रमाचे नाव आहे आणि मुदत कधी संपते हे पाहावे, आणि संस्था पत्र दाखवायला टाळाटाळ करत असेल तर प्रवेश निश्चित करू नये.