बदक, खडू आणि काका

आज सकाळी खाली उतरलो तर मी दुरुस्तीला काढलेल्या जुन्या गाडीच्या अंगभर खडूची वर्तुळं. प्रत्येक वर्तुळात आकडा. पंचनामा उरकून पोलीस नुकतेच गेलेत, फक्त प्रेत उचलायचं राहिलंय, असा एकूण देखावा.

हे काम शेजारच्या काकांचं. त्यांच्याकडे फ्रिजवरचं एक चुंबक आहे, बदकाच्या आकाराचं, चोच तुटलेलं. जुन्या गाडीचा पत्रा चुंबकाने तपासतात, हे त्यांनी माझंच बघून उचललं. मी आपला चुंबकाला फडकं गुंडाळून, रंगावर ओरखडा नको म्हणून जपून, चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा चाचपत होतो. पाणी तिथेच साचतं, आणि गंजही तिथूनच सुरू होतो. चुंबक धरत नसेल तर समजायचं की रंगाखाली पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. काकांनी फडकं सोडून बाकी सगळी विद्या आत्मसात केली. सात ते अकरा क्रमांकाची वर्तुळं बंपरवर आहेत.

"काका, बंपर प्लास्टिकचा आहे."

"तेच तर सांगतोय मी. लोखंड राहिलंच नाही हिच्यात."

यावर काय बोलणार? मी कॉम्प्रेशन तपासायला घेतलं. त्यासाठी चारही स्पार्क प्लग काढायचे, इग्निशन तोडून ठेवायचं, एका भोकात गेज बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि स्टार्टर मारायचा. दट्ट्या हवा किती दाबतो ते काट्यावर कळतं, आणि इंजिनात जीव किती उरलाय त्याचा अंदाज येतो. चारही आकडे साधारण सारखे आले तर नशीब. मी स्टार्टर मारला. घर्र घर्र घर्र.

"सुरू होत नाही वाटतं," काका म्हणाले.

"सुरू करतच नाहीये काका. प्लग काढलेत."

"प्लग काढलेत? मग सुरू कशी होणार?"

"होणारच नाही."

"मग चावी कशाला फिरवतोयस?"

मी समजावलं. दट्ट्या, हवा, दाब, काटा, सगळं. काकांनी डोळे मिटून ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि वरच्या गॅलरीकडे बघून ओरडले, "नाही होत सुरू! प्लगच नाहीयेत!" वरून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. म्हणजे दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीत बातमी, की याला गाडी विकणाऱ्याने प्लगसुद्धा काढून घेतले.

चौथ्या सिलिंडरचा आकडा बराच खाली आला. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर काटा चढला. म्हणजे दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजल्यात. चढला नसता तर व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा. रिंगा म्हणजे इंजिन उघडणं आलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जरा एकटं बसायचं होतं. पण काका टायरपाशी उकिडवे बसून आकडे वाचत होते.

"2311. हा काय, पासवर्ड आहे?"

2000 सालापासून टायरच्या बाजूवर उठवलेल्या डॉट कोडच्या, म्हणजे टायर कधी-कुठे बनला त्या खुणेच्या, शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर 2011 च्या तेविसाव्या आठवड्यातला. खाच अजून छान खोल, पण रबर बाजूने तडकलेलं. हे सांगितल्यावर काकांचा चेहरा खुलला. बाकीचे तीन टायर, स्टेपनी, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे टायर वाचायला ते निघून गेले. जरा शांतता मिळाली. आता इतर मालकही माझ्या नावाने बोटं मोडतील, ते वेगळं.

माझा राग वर्तुळांवर नाही. खडू पुसता येतो. राग याचा, की या गाडीचं मूल्यमापन करायला माणसांची रीघ आहे. येणारा प्रत्येकजण बोनेटवर टकटक करतो, "एवढ्यात नवी आली असती" म्हणतो आणि जातो. एवढ्यात म्हणजे केवढ्यात, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तरी सगळ्यांना माहीत. तासतास उभी राहणारी ही मंडळी, पण "जरा टॉर्च धरता का" म्हटलं की एकाची कंबर धरते, दुसऱ्याचा फोन वाजतो. नट अंधारात असतो, हात दोनच असतात, एकात पाना, दुसऱ्यात हातोडी. टॉर्च मी दातात धरतो. त्याला ऑइलची चव आहे.

दुपारी वर्तुळ क्रमांक तीन उघडलं. दाराखालच्या पट्टीवरचं. ही पट्टी म्हणजे शोभा नाही, गाडीचा सांगाडा पेलणारा भाग. इथे वरवर मलमपट्टी चालत नाही, कुजलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. पेचकस टोचला तर आरपार. पुट्टीचा खपला पडला आणि आत काय, तर कोंबलेलं वर्तमानपत्र. भोकात कागद, कागदावर पुट्टी, पुट्टीवर चकचकीत रंग. ज्याने हे केलं त्याने त्याचे पैसे घेतले असणार, आणि त्यानंतर याच पट्टीच्या भरवशावर कुणीतरी बायकापोरांना घेऊन हायवेला लागलं असणार. इतका वेळ हसू येत होतं, ते इथे थांबलं.

काका परत आले होते. मी गाडीखाली, स्टँडवर चढवलेल्या बाजूला, पाठीवर. एकेक चिंधोटी ओढून बाहेर टाकत होतो. ते उचलत होते, मांडीवर सरळ करत होते.

"कुठल्या तरी चोरीची बातमी आहे," ते म्हणाले. "पण अर्धीच. पुढचा तुकडा काढ की."

"काका, तेवढा टॉर्च धरता का? आत काही दिसत नाहीये."

आणि आश्चर्य म्हणजे काका वाकले, माझ्या हातातून टॉर्च घेतला, पेटवून बघितला. "बराय की," म्हणाले, आणि उजेड कागदावर धरून पुढे वाचू लागले.