पासिंगपुरते टायर आम्ही देत नाही: अल्टोवाल्या भाऊंच्या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की पासिंगसाठी, म्हणजे आरटीओत गाडी तपासून नोंदणी वाढवून घेण्यासाठी, फक्त ब्रेक आणि लाइट करायला सांगितलं होतं, आम्ही नसलेली कामं काढून बिल वाढवलं, गाडी अडकवून ठेवली, आणि पासिंगपुरते चांगले टायर मागितले तर तेही दिले नाहीत. दुसरीकडे हेच काम अर्ध्या पैशात झालं असतं, असंही तुम्ही लिहिलं. तक्रार तुमची एकट्याची असली तरी वाचणारे पांढरकवड्यापासून वणीपर्यंतचे आहेत, आणि त्यातल्या कित्येकांच्या अंगणात पंधरा वर्षं पूर्ण झालेली गाडी उभी आहे. म्हणून फोन न करता इथंच सविस्तर लिहितो.

आधी टायरचं सांगतो, कारण खरा राग तिथला आहे. तुम्ही म्हणाले, "एका दिवसासाठी लावून द्या, पास झाली की काढून घ्या." असं चालतं, हे मलाही माहीत आहे. आमच्याकडे ते होत नाही आणि पुढेही होणार नाही. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल पाहिजे, असा नियम आहे. नक्षीच्या खाचेत रबराचा छोटा उंचवटा असतो. टायर घासून त्याच्या बरोबरीला आला की तो संपला. तुमचे पुढचे दोन्ही टायर त्याच्याही खाली गेले होते. शिवाय त्यातल्या एकाच्या बगलेवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे तुमच्या लहान भावाला वाचून दाखवले. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन आकडे वर्षाचे. तो टायर २०१५ सालचा निघाला. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहते, त्यात रबराला बगलेतून भेगा पडतात. तशा भेगा त्याला पडल्या होत्या. आरटीओच्या साहेबांसमोर माझे टायर दाखवून संध्याकाळी तुम्ही ४४ नंबरच्या हायवेवर तुमचे जुने टायर लावून घरच्यांना घेऊन निघाले असते. लंगड्या बैलाची शिंगं रंगवून पोळ्यात उभं करण्यासारखं हे काम आहे, ते मी करणार नाही.

आता "नसलेली कामं". ब्रेक तुम्हीच सांगितले होते, म्हणून मागचे ड्रम उघडले. गाडी बरेच महिने कापसाच्या कोठ्याजवळच्या शेडमध्ये उभी होती, हे तुम्हीच सांगितलं. उभ्या गाडीचं नुकसान वरून दिसत नाही. डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक ढकलणारा पार्ट, गळत होता. ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, उतरून धुळीत कालवलं गेलं होतं आणि ड्रमच्या आत काळा चिकट राप बसला होता. असा लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवला की दोन दिवस बरा वाटतो, मग पुन्हा घसरतो. ऑइल शोषलेला लायनर फेकायचाच असतो. आणि लायनर एका चाकाचा बदलून चालत नाही. दोन्ही बाजूंचे बदलावे लागतात, नाहीतर एक चाक धरतं, दुसरं धरत नाही. ड्रमला खाचा पडल्या होत्या, म्हणून ते लेथवर घासून आणले. हॅन्डब्रेकची केबल कव्हरच्या आत गंजून अडकली होती. तुम्ही ज्याला "ब्रेक करा" म्हणाले, त्याचा अर्थ प्रत्यक्षात एवढा होतो.

टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यावर, तुमचा आक्षेप सगळ्यात जास्त आहे. तो बदलण्याआधी तुम्हाला फोन केला होता आणि तुमचा भाऊ समोर उभा होता. पुढचं चाक जॅकवर उचललं आणि त्यालाच दोन्ही बाजूंनी धरून हलवायला सांगितलं. स्टिअरिंग जागच्या जागी, आणि चाक हातात खटखट वाजत होतं. रबरी बूट फाटला होता. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती आत शिरून ग्रीसमध्ये मिसळते, वाळली की कानशीसारखं घासत राहते. तो सांधा सुटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, मग ब्रेक कितीही नवे असोत. साहेबांनी तपासताना हे पकडलं असतं तर गाडी नापास होऊन तुम्हाला परत यावं लागलं असतं. नसतं पकडलं, तर माझ्या मते ते त्याहून वाईट झालं असतं.

लाइटमध्ये उंदरांनी इंडिकेटरची वायर कुरतडली होती, ते थोडक्यात झालं. हेडलाइटला मात्र कोणीतरी बाजारातले पांढरे एलईडी बसवले होते. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये ते बसवले की उजेड सगळीकडे फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता नीट दिसत नाही. मूळचे ६०/५५ वॅटचे बल्ब लावले, फोकस भिंतीवर पाहून खाली घेतला. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूने रात्री येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. रोही (नीलगाय) आडवा आला की उजेड आणि ब्रेक एवढ्या दोनच गोष्टी तुमच्या हातात असतात.

गाडी अडकवून ठेवली म्हणता. ड्रम लेथवाल्याकडे होते आणि व्हील सिलिंडर यवतमाळहून मागवला होता. तोवर चाकं काढलेली गाडी तुम्हाला कशी देणार? हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं काम मात्र आमचं नव्हतं. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला ती ऑनलाइन बुक करून ठरवून दिलेल्या एजन्सीकडूनच बसवावी लागते, आणि ती नसली तर आरटीओतलं पुढचं काम अडतं. गाडी टाकली त्याच दिवशी हे तुम्हाला सांगितलं होतं.

सरकारी पैशांचा रागही बिलात मिसळलेला दिसतो, म्हणून तेही मोकळं करतो. पंधरा वर्षांनंतर कारची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. आधी ती ६०० होती. मुदत उलटली की दरमहा ५०० रुपये वेगळे, पर्यावरण कर त्याहून वेगळा. यातला एक रुपयाही गॅरेजकडे येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. ज्यांची गाडी अजून मुदतीत आहे त्यांनी तेव्हाच दाखवायला आणावी, म्हणजे काम टप्प्याटप्प्याने करता येतं आणि एकदम भार पडत नाही. कापूस विकायच्या आधी हातात पैसा नसतो, हे मला समजतं. मीही याच गावात राहतो. म्हणूनच एसी, सीट कव्हर, दाराचा गंज, यातलं एकही काम मी तुमच्या गाडीत काढलं नाही. पासिंगला आणि जिवाला लागतं तेवढंच केलं.

अर्ध्या पैशात करून देणारे असतील. त्यांना एवढंच विचारा की ड्रम उघडणार का, आणि जुना पार्ट हातात देणार का. तुमचे जुने लायनर, सिलिंडर, केबल आणि टाय रॉड एंड गाडीचा नंबर लिहून पोत्यात ठेवले आहेत. कधीही या, ज्या मिस्त्रीवर तुमचा विश्वास आहे त्याला सोबत आणा आणि दाखवा. त्याने एखादा पार्ट चांगला होता असं म्हटलं, तर त्या पार्टचे आणि मजुरीचे पैसे मी तिथंच परत देईन.

आणि तक्रार काहीही असो, महिनाभर गाडी चालली की हॅन्डब्रेक आवळायला नक्की या. नवी केबल सुरुवातीला सैल पडते. त्याचे पैसे लागणार नाहीत.