पन्नास रुपये रोजात कोण घरी बसतं?

मामांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला तेव्हा मी गप्प बसलो. 'जगभरच्या विद्यापीठांनी सिद्ध केलंय, फुकट पैसा दिला की गरीब आळशी होतो, दारू पितो. फिनलंडनं म्हणूनच योजना गुंडाळली. लाडक्या बहिणीमुळं कापूस वेचायला बाया मिळेनात.' परवा गेवराईहून मावशीचा फोन आला, "कामून रे, मी आळशी हाय का?" तिथं माझं डोकं फिरलं.

आधी कापसाचं बोलू. लाडक्या बहिणीला महिन्याला मिळणाऱ्या १५०० ला ३० नं भागा, दिवसाचे ५० रुपये. तेवढ्यावर वेचणीचा रोज कोण बुडवेल? मावशी या वयातही कमरेला वटी बांधून जाते. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा इतक्या फाटतात की कालवणात भाकरी कुस्करताना तिखट चरचरतं. योजनेचे पैसे बीपीच्या गोळ्यांत जातात. बाया मिळत नाहीत, कारण सगळ्या शिवारात कापूस एकदमच फुटतो आणि दसरा झाला की कितीतरी जोड्या कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. योजना आली २०२४ च्या जुलैत. मामांची ही रड मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तेव्हा खापर रोजगार हमीवर फुटायचं.

आता ते 'जगभरचं संशोधन'. अभिजित बॅनर्जी, २०१९ चे नोबेलवाले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा पेपर आहे. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपिन्स, इंडोनेशिया, मोरोक्को अशा ६ देशांतल्या, गरिबांना पैसे देणाऱ्या ७ योजना त्यांनी पुन्हा तपासल्या. पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही हे तिथं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं, त्यामुळं तुलना चोख. पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा सापडला नाही. ना बाप्यांचं, ना बायांचं.

दारूचं म्हणाल तर जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९ अभ्यास एकत्र पाहिले. असल्या पैशानं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं काही दिसलं नाही. फिनलंडचा असे पैसे देण्याचा प्रयोग मुळात दोनच वर्षांचा, २०१७-१८ चा, २००० बेरोजगारांवरचा. कामाचे दिवस उलट किंचित वाढले.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य. अमेरिकेत महिना १००० डॉलर ३ वर्षं देऊन पाहिले, तर आठवड्याचं काम साधारण सव्वा तासानं घटलं. पण हजार डॉलर कुठं आणि दीड हजार रुपये कुठं! तिजोरीला हे झेपतं का, निवडणुकीच्या तोंडावरच कसं सुचलं, हे खुशाल विचारा. मीही विचारतो.

पण मामा, तो मेसेज काढून टाका. ग्रुपवर मावशीपण आहे.