शोध नक्की कोणत्या क्वार्टरला लागणार?

गेल्या सोमवारची गोष्ट. रिव्ह्यू मीटिंग. स्क्रीनवर आमच्या औषधाचा एचपीएलसीचा आलेख, म्हणजे त्यात काय काय आणि किती आहे ते दाखवणारा, आणि त्यात औषधाच्या उंच सुळक्याशेजारी बारकासा उंचवटा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या गालावर पुळी यावी तसा. ०.१४ टक्के.

"याचं लिमिट किती?" साहेबांनी विचारलं.

"आपला डोस दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आहे सर, म्हणजे ०.१० टक्के. त्याच्या वर गेली की ही इम्प्युरिटी कोण, कुठली, ते शोधून काढावं लागतं."

साहेब थोडा वेळ गप्प. मला वाटलं, विचार करतायत. करतच होते.

"राउंड ऑफ केलं तर ०.१च ना?"

हसू नका. मीही हसले नाही, अप्रेझल जवळ आलंय. पण औषधांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयसीएचच्या गाइडलाइनमध्ये, एक टक्क्याखालचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत द्यावेत, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. इतकी वर्षं मला कळत नव्हतं की एवढी साधी गोष्ट मुद्दाम कशाला लिहिली असेल. सोमवारी कळलं. ज्याने ते वाक्य घातलं त्यालाही असेच एक साहेब असणार.

मग गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम किती दिवसांचं ते दाखवणारा पट्ट्यापट्ट्यांचा तक्ता, उघडला. त्यात एक हिरवी पट्टी : 'इम्प्युरिटी ओळखणे, ३ दिवस'. तिच्यापुढे लगेच दुसरी : 'इम्प्युरिटी घालवणे, २ दिवस'. ती काय आहे हे कळायच्या आधीच ती जायला किती दिवस लागतील ते ठरलेलं! शनिवार-रविवार मात्र वगळले होते. तेवढी माणुसकी आहे आमच्याकडे.

मी प्रोसेस केमिस्ट. म्हणजे काचेच्या भांड्यात दोन ग्रॅम झालेली गोष्ट प्लांटच्या रिॲक्टरमध्ये दोनशे किलो होईल का, हे बघणारी बाई. ठाणे-बेलापूर पट्ट्यात सतरा वर्षं काढली, तीन कंपन्या पाहिल्या. साहेब आमच्याकडे यायच्या आधी शाम्पू विकायचे. चांगला विकायचे म्हणे. माणूस वाईट नाही, मुलांच्या ॲडमिशनची चौकशी करतो, डबा न लाजता वाटून खातो. फक्त त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीला शेवटची तारीख असते आणि माझ्या जगात ती गोष्ट होते का, इथूनच सुरुवात असते.

एकदा पाच टप्प्यांच्या सिंथेसिसचा हिशोब दाखवत होते. प्रत्येक टप्प्याला ८० टक्के यील्ड, म्हणजे जेवढा माल मिळायला हवा त्यातला ८० टक्के हाती. साहेब खूश. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, एकूण यील्ड ३२.८ टक्के. "हे कसं? सगळीकडे ८० आहे, तर ॲव्हरेज ८०च येणार!" मी म्हटलं, सर, प्रत्येक स्टेशनवर डब्यातली वीस टक्के माणसं उतरली आणि नवीन कुणीच चढलं नाही, तर पाचव्या स्टेशनला किती उरतील? ते म्हणाले, "असली लोकल कुठेय?" त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

त्यांचा आणखी एक लाडका शब्द 'लो हँगिंग फ्रूट'. दर क्वार्टरला विचारतात, यावेळी हाताला येणारी फळं कोणती? अहो, आमच्या गावाकडे हाताला येणाऱ्या कैऱ्या चैत्रातच पोरं पाडतात. खालच्या फांद्या रिकाम्या असतात म्हणून तर लॅब काढावी लागते.

बरं, माझा राग तारखेवर नाहीये. ती लागतेच, नाहीतर आम्ही आयुष्यभर रिॲक्शन झाली का ते बघायच्या टीएलसी प्लेटा बघत बसू. राग आहे तो झाकण काढण्यावर. सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक पदार्थ क्रिस्टल व्हायला तयार नव्हता. रोटाव्हॅपवर सगळं सॉल्व्हंट उडवलं की फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखं तेल. थंड केलं, तेल. सॉल्व्हंट बदललं, तेल. काचकांडीने फ्लास्क आतून खरवडला, तेल. आमचा लॅब अटेंडंट, ज्याला सगळे मामा म्हणतात, रोज सकाळी फ्लास्क उजेडात धरून मान हलवायचा. तीन आठवडे असे गेले. आणि साहेबांनी काय केलं? रिव्ह्यू आठवड्याचा होता तो रोजचा केला. सकाळी साडेनऊला उभ्याउभ्या मीटिंग. "काल आणि आजमध्ये काय प्रोग्रेस?" काल तेल होतं सर, आज थंड तेल आहे.

मामा तेव्हा मला म्हणाला, "मॅडम, विरजण लावलेलं पातेलं दर दहा मिनिटांनी हलवून बघितलं तर दही लागतं व्हय?" सतरा वर्षांत रिसर्च मॅनेजमेंटवर याहून शहाणं मी काही ऐकलेलं नाही. आणि गंमत म्हणजे विषयही तोच. क्रिस्टलायझेशनला आम्ही सीड टाकतो, म्हणजे आधीचा चिमूटभर क्रिस्टल. बाकीचे रेणू त्याच्याकडे बघून रांगेत उभे राहायला शिकतात. विरजणच ते. पंचाईत पहिल्या वेळी असते, कारण आधीचा क्रिस्टलच नसतो आणि शेजारणीकडे वाटीभर मागायचीही सोय नसते.

मग गणपती आले. दीड दिवसाची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार धरून चार दिवस लॅब बंद. फ्लास्क तसाच फ्रीजमध्ये राहिला. सोमवारी मामाने दार उघडलं आणि ओरडलाच. फ्लास्कभर पांढऱ्याशुभ्र सुया, भिंतीला टेकून उभ्या! त्यानंतर आजतागायत तो पदार्थ एकदाही अडून बसला नाही. एकदा त्याचं बी लॅबभर पसरलं की मग तो नाही म्हणत नाही, हे हाताने काम केलेल्या कुठल्याही केमिस्टला विचारा.

पुढच्या महिन्यात साहेबांची वरच्या मंडळींपुढे पीपीटी झाली. त्यात ओळ होती : 'रिव्ह्यूची फ्रिक्वेन्सी वाढवल्यामुळे क्रिस्टलायझेशनचा प्रश्न सुटला.' मी मनात म्हटलं, एवढा मोठा निष्कर्ष आणि कंट्रोल एक्सपेरिमेंट, म्हणजे रिव्ह्यू न वाढवता काय झालं असतं ते, कुठाय? कुणीच विचारलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे अडलेल्या प्रत्येक प्रोजेक्टला रोजचा रिव्ह्यू आहे. गणपतीला श्रेय द्यावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. मामाला तर नाहीच नाही.

दर वर्षी आमची एक इनोव्हेशन वर्कशॉप असते. लोणावळ्याला, बुफेसकट. ट्रेनर येतो आणि पोस्ट-इटची गोष्ट सांगतो. थ्रीएममध्ये स्पेन्सर सिल्व्हरला १९६८ साली हवा होता कडक गोंद आणि सापडला नीट न चिकटणारा, मग आर्ट फ्रायला वाटलं की भजनांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या याने धरून ठेवता येतील, आणि १९८०मध्ये ती पिवळी चिठ्ठी अमेरिकाभर विकायला आली. टाळ्या. मी गेल्या वर्षी कागदावर मांडलं : १९६८ ते १९८० म्हणजे बारा वर्षं, म्हणजे ४८ क्वार्टर. आमच्याकडे तिसऱ्या क्वार्टरला सिल्व्हरची फाइल बंद करून त्याला डॉक्युमेंटेशनमध्ये टाकलं असतं. थ्रीएमची माणसं कामाच्या वेळातला १५ टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या गोष्टींना देऊ शकतात, हेही ट्रेनरने सांगितलं. तेव्हा साहेब फोनवर होते. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या कल्पना लिहून भिंतीवर चिकटवल्या. कशावर? पोस्ट-इटवरच. संध्याकाळी हॉटेलवाल्याने झाडून नेल्या.

माझा लाडका माणूस मात्र शुजी नाकामुरा. नोकरीला जपानच्या अनान गावातल्या निचिया नावाच्या कंपनीत, धंदा फॉस्फरचा, म्हणजे प्रकाश देणाऱ्या पावडरींचा. निळा एलईडी करतो म्हणाला तेव्हा म्हाताऱ्या संस्थापकाने पैसे दिले, पुढे नव्या अध्यक्षाने सांगितलं, बास आता, थांब. पठ्ठ्याने ते निरोप कानाआड केले आणि ज्यातून निळा उजेड काढायचा होता त्या गॅलियम नायट्राइडला चिकटून राहिला. १९९३ साली झगझगीत निळा दिवा बाजारात आला. आज तुमच्या घरातला पांढरा एलईडी बल्ब त्या निळ्यावर उभा आहे, आणि बहुतेक हा मजकूर तुम्ही वाचताय तो पडदाही. कंपनीने बक्षीस दिलं २० हजार येन. पुढे तो कोर्टात गेला, खालच्या कोर्टाने २० अब्ज येन सांगितले, शेवटी २००५मध्ये ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ साली अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर नोबेल. मला यातली २० हजार येनचीच गोष्ट जवळची वाटते. आमच्याकडे पेटंट मंजूर झालं की पंधराशेचं गिफ्ट व्हाउचर मिळतं. किराणा सोडून सगळ्यावर चालतं.

आता नाकामुराची गोष्ट वाचून कुणाला वाटेल की शास्त्रज्ञाला मोकळं सोडलं की झालं. ट्रान्झिस्टरवाला शॉक्ली आठवा. १९५६ला नोबेल, आणि १९५७मध्ये त्याच्या स्वतःच्या कंपनीतली आठ माणसं एकदम सोडून गेली, का तर याच्या हाताखाली काम करणं अशक्य. त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी पुढे इंटेल काढली. वरचा माणूस शास्त्रज्ञ असला की खालच्याचं भलं होतं, असं काही नाही. झाकण उघडायची खाज डिग्रीवर ठरत नाही.

आणि आमच्या जमातीचंही सांगते. मी स्वतः चौदा महिने एका एन्झाइमच्या रूटवर घालवले होते. काय देखणी रिॲक्शन! पाण्यात, तीस डिग्रीला, एकही घाण नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "किलोमागे किती?" मी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण उत्तर मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. एन्झाइमच औषधापेक्षा महाग पडत होतं. प्रोजेक्ट बंद केला त्यांनी. त्या रात्री मी घरी भांडी आपटली, नवऱ्याशी अबोला धरला. पण बंद केला ते बरोबर केलं. केमिस्टला सुंदर रिॲक्शन दिसली की तो हिशोबाच्या बाबतीत प्रेमात पडलेल्या कॉलेजकुमारासारखा वागतो.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. आमच्याकडचं संशोधन ना साहेबांमुळे चालतं ना आमच्यामुळे. ते दोघांच्या खोटेपणावर चालतं. मला वाटतं काम पाच आठवड्यांत होईल. मी सांगते आठ. साहेबांना माहीत आहे मी वाढवून सांगते, ते म्हणतात चार. वर जाऊन ते सांगतात सहा. वरच्यांना माहीत आहे की हे वाढवून सांगतात. मंडईत मेथीच्या जुडीवरून जी घासाघीस होते तीच, फक्त इथे एसी असतो. आणि या सगळ्यात खरी गोष्ट कुठे असते? टेबलाच्या खालच्या खणात.

आम्हा सगळ्यांकडे असा एक खण असतो. एखाद्या महिन्यात तीन चांगले रिझल्ट आले तर शहाणा केमिस्ट एक सांगतो आणि दोन खणात टाकतो, कारण पुढच्या महिन्यात काहीच येणार नाही आणि विचारणारे विचारणारच. आमची आजी पावसाळ्यासाठी सांडगे-पापड घालून ठेवायची, तसंच. नवीन आलेली पोरं सगळं एकदम सांगून टाकतात आणि मग तीन महिने 'लो परफॉर्मर' होतात. सहा महिन्यांत त्यांनाही खण सापडतो. कंपनीला वाटतं आमचं संशोधन किती सातत्याने पुढे जातंय, दर महिन्याला एक रिझल्ट! ते सातत्य खणाचं आहे.

तर ती ०.१४वाली पुळी.

साहेबांच्या गँट चार्टप्रमाणे ती बुधवारी ओळखली जायची होती. ओळखली गेली गुरुवारी संध्याकाळी. रेणूचं वजन सांगणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये आमच्या ॲसिडपेक्षा बरोबर १४ने जड. ॲसिडवर मिथाइल चढलंय, म्हणजे मिथाइल एस्टर. तो होतो मिथेनॉलमुळे, पण आमच्या रिॲक्शनमध्ये मिथेनॉल नाहीच. ॲसिड क्लोराइड, अमाइन, सॉल्व्हंट एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड), संपलं. मग हे मिथेनॉल आलं कुठून? मामाला म्हटलं, एमडीसीचा नवा ड्रम दाखव. मामाने टॉर्च मारला. व्हेंडर वेगळा. सर्टिफिकेट मागवलं. एमडीसी टिकावं म्हणून त्यात काहीतरी स्टॅबिलायझर घालतात. जुना व्हेंडर अमिलीन घालायचा. हा नवा मिथेनॉल घालतो. किंचितच. पण ॲसिड क्लोराइड ज्याची वाट बघत बसलेलं असतं, तेच.

आणि व्हेंडर का बदलला? तर गेल्या क्वार्टरमधली 'कॉस्ट सेव्हिंग ड्राइव्ह'. लिटरमागे दोन-तीन रुपये वाचले. कल्पना साहेबांची. त्याबद्दल त्यांना मिळालेल्या अवॉर्डचा फोटो कॅन्टीनच्या बाहेर लावलाय, हार घालून. मी रोज त्याच्या खाली उभी राहून कूपन फाडते.

उद्या सोमवार. स्क्रीनवर माझ्या नावापुढे 'रूट कॉज : इन प्रोग्रेस' असं लिहिलेलं असेल. सर्टिफिकेटची प्रत आणि मास स्पेक्ट्रम खालच्या खणात आहे. उद्या काढायचं, की साहेबांचं अप्रेझल होऊ द्यायचं, की आधी माझं, हे अजून ठरलेलं नाही. मामा म्हणतो, "मॅडम, आधी गुपचूप जुना ड्रम मागवून घेऊ, पुळी आपोआप जाईल, मग सांगू रोजच्या रिव्ह्यूने गेली म्हणून."

(पोस्ट पब्लिकच ठेवलीय. आमचे साहेब फेसबुकवर नसतात, ते लिंक्डइनवर असतात.)